वाचकांचे प्रश्न : आई काही सांगत नाही, मग तिथे तिला नीट बघतात हे कळायचं कसं?

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना संस्थेत ठेवण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली, मुंबई-ठाणे-वसईकडून जास्त. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो, म्हणून एका पत्राला सविस्तर उत्तर देतेय आणि बाकी तीन त्याच्या मागोमाग घेतलीयेत. नाव कोणाचंच छापत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी आई ७९ वर्षांची, अल्झायमर आहे. इतकी वर्षं घरीच सांभाळलं, ब्युरोच्या बायका किती आल्या न् किती गेल्या त्याची मोजदाद नाही. परळला आमचं वन रूम किचन, मी आणि मिस्टर दोघं नोकरीला. आई रात्री कडी काढून खाली रस्त्यावर गेली तेव्हा मग नाइलाज झाला. आता विरारच्या पुढे एका संस्थेत ठेवलंय, महिना ४५ हजार. जागा छान आहे, बाग आहे, टाइल्स चकाचक, मॅनेजर गोड बोलतात, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फोटो येतो. पण आई आता जेमतेम बोलते आणि तेही फक्त मालवणीत. आम्ही रविवारी जातो तेव्हा ती वेणीफणी करून, पावडर लावून बसलेली असते. बाकीच्या दिवसांचं कोण सांगणार? संस्था चांगली आहे की नाही हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, परळ

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि ती मनात येते म्हणून स्वतःला संशयी समजू नका. बाग, टाइल्स, फोटो यावरून जागा कशी आहे ते कळतं, आईचा दिवस कसा जातो ते नाही कळत. आणि तो कळायचा तर एकच रस्ता मला खात्रीचा वाटतो, तिथे जाऊन गप्प बसायचं आणि बघायचं. आईशी बोलत नाही, फळं कापत नाही, नुसतं बघायचं, तासभर तरी.

हे मी मनाचं सांगत नाहीये. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन या दोघांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस यावरच काम सुरू केलं होतं, त्याला डिमेन्शिया केअर मॅपिंग म्हणतात. शिकवून तयार केलेला माणूस हॉलमध्ये एका कोपऱ्यात बसतो, चारसहा जण निवडतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येकासमोर लिहितो की हा आत्ता काय करतोय आणि कसा वाटतोय, मूडला उणे ५ ते अधिक ५ असे आकडे असतात. असं काही तास सलग. बेडरूम-बाथरूममध्ये जायचं नाही, फक्त सगळे बसतात तिथे. शिवाय कर्मचारी कसं वागले तेही टिपायचं, म्हणजे कोणाला लहान बाळासारखं बोलले का, न सांगता मागून खुर्ची ढकलली का, तो काहीतरी सांगत असताना त्याच्या डोक्यावरून आपसात गप्पा मारल्या का, आणि उलट बाजूने कोणी खाली बसून डोळ्यात बघून बोललं का, हात धरला का, त्याच्या वेगाने चाललं का. किटवुडचं म्हणणं असं होतं की डिमेन्शियाच्या माणसाची जी वाताहत होते ती सगळी मेंदूतल्या बिघाडाने होत नाही, आजूबाजूचे लोक त्याच्याशी कसे वागतात त्याचाही त्यात मोठा वाटा असतो. पुढे तिथल्या सरकारी तपासनीसांसाठी याच धर्तीवर छोटी पद्धत बनवली गेली, कारण जो माणूस बोलून सांगू शकत नाही त्याचं म्हणणं ऐकायला दुसरा मार्ग नव्हता.

आता तुम्हाला आकडे बिकडे टाकायचे नाहीयेत. फक्त रविवार सोडून दुसऱ्या दिवशी जा, शक्यतो संध्याकाळी. पाचनंतर डिमेन्शियाच्या बऱ्याच जणांची बेचैनी वाढते, उठबस, रडणं, घरी जायचंय घरी जायचंय, आणि त्याच सुमाराला कर्मचारी थकलेले असतात, रात्रीची ड्युटी यायची असते. संस्थेची खरी तब्येत या वेळेला दिसते. एखादी संस्था म्हणत असेल की रविवारी चार ते सहा सोडून कधीच येऊ नका, आमचं रूटीन बिघडतं, तर माझ्या मते तिथे ठेवण्याआधी दहादा विचार करावा. जेवणाच्या वेळी गर्दी नको वगैरे मी समजू शकते पण नातेवाइकाने कधीच अचानक यायचं नाही हे मला कुठल्याच कारणाने पटत नाही.

आणि तिथे बसल्यावर आपल्या आईकडे कमी बघा. ऐकायला विचित्र वाटेल, पण तुम्ही समोर असताना तुमच्या आईशी सगळे चांगलंच वागणार. ज्या आजींना भेटायला कोणी येत नाही, ज्या कोपऱ्यात व्हीलचेअरवर गप्प बसलेल्या असतात त्यांच्याकडे बघा. ज्या ओरडतात त्यांच्याकडे कोणी ना कोणी धावतं, गप्प बसणाऱ्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं, हे मी जवळपास प्रत्येक ठिकाणी बघितलंय. त्या आजींजवळ तासाभरात कोणी किती वेळा आलं आणि आलं ते फक्त डायपर, गोळी, घास यासाठीच आलं की उगीच जाताजाता दोन शब्द बोलायलाही आलं? टीव्ही कोणासाठी चालू आहे, त्यांच्यासाठी की मावशींसाठी? पाण्याचा ग्लास हाताला येईल असा आहे की टेबलच्या पलीकडे?

जेवण तर नक्की बघाच. ज्यांना भरवावं लागतं त्यांना एका जेवणाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, कारण घास तोंडात तसाच राहतो, गिळायचं विसरतात. मी एका ठिकाणी बघितलं, मावशी खुर्ची ओढून आजीच्या समोर बसल्या, आधी वाटी दाखवली, "भात-वरण आहे, वरून तूप घातलंय" म्हणाल्या, चमचा ओठाला नुसता टेकवला आणि थांबल्या. आजींनी तोंड उघडेपर्यंत थांबल्या. मग घास, मग गळ्याकडे लक्ष, गिळलं की पुढचा. त्याच टेबलवर दुसरी बाई उभ्याने तिघांना ओळीने भरवत होती, आणि त्यातले एक आजोबा खोकत होते तरी चमचा पुढे येत होता. असा खोकला म्हणजे अन्न श्वासनळीकडे जात असू शकतं, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. दोघी एकाच संस्थेतल्या, म्हणजे एका बाईवरून सगळ्यांना चांगलं किंवा वाईट म्हणू नका, पण त्या उभ्या बाईला कोणी थांबवलं का ते बघा. तिथली सिस्टर किंवा सुपरवायझर ते बघून पुढे निघून गेली तर ती सवय आख्ख्या संस्थेची आहे असं धरा.

आईकडे बघाल तेव्हा काही बारीक गोष्टी बघा. चष्मा लावलाय का आणि काच पुसलेली आहे का. कवळी तोंडात आहे की ड्रॉवरमध्ये डबीत. कवळी हरवली की मग सगळं मिक्सरमधून काढलेलं देतात, ते बेचव लागतं, खाणं कमी होतं आणि वजन उतरतं. कानाचं मशीन असेल तर त्याचा सेल चालू आहे का. अंगावरचा गाऊन तिचाच आहे ना. मनगटावर, दंडावर निळे डाग, टाचा आणि माकडहाडाजवळ लाली. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना साधारण दोन-दोन तासांनी वळवावं लागतं, आणि दाबून बघितल्यावरही लाली गेली नाही तर ती बेडसोअरची सुरुवात असते, तेव्हाच सांगायचं. वजनाची वही दर महिन्याला मागा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन कमी झालं तर ती गंभीर बाब मानतात, म्हणजे ५० किलोची आई महिन्यात अडीच किलोने उतरली तर "वय झालं आता" हे उत्तर चालणार नाही, डॉक्टरांनी बघायला हवं. वजनच करत नसतील तर मग तोच तुमचा पहिला मुद्दा.

मालवणीचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. या आजारात बऱ्याचदा नंतर शिकलेल्या भाषा आधी गळतात आणि लहानपणची मागे राहते. संस्थांमधल्या बऱ्याच मुली बाहेरच्या राज्यांतून आलेल्या, हिंदीही त्यांची दुसरी भाषा, मग आई "माका घराक जावचा आसा" म्हणते तेव्हा तिथे कोणालाच ते कळत नाही आणि चार्टवर लिहिलं जातं की पेशंट बडबड करते. एक कागद करा, आईचे रोजचे पंधरावीस शब्द, पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, घर, समोर हिंदी अर्थ, आणि तो पलंगाजवळ लावा. जोडीला तिची थोडी माहिती, गाव कुठलं, काय काम करायची, कशाने चिडते, चहा बशीतून पिते का. चार दिवसांनी जाऊन बघा तो कागद कोणी वाचलाय का. आणि घरी जायचंय म्हटल्यावर काय उत्तर मिळतं तेही ऐका. "हेच तुझं घर", "उद्या जाऊ", "गप बस" ही तीन उत्तरं सगळीकडे ऐकू येतात. पण "घरी कोण कोण आहे गं तुझ्या?" असं विचारून शेजारी बसणारी बाई भेटली तर तिचं नाव लक्षात ठेवा आणि मॅनेजरला सांगा की आईला शक्यतो याच द्या. रोज तीच माणसं असणं यांच्यासाठी फार मोलाचं असतं, म्हणून संस्थेला हेही विचारा की बायका किती दिवस टिकतात आणि रात्री किती पेशंटमागे किती जणी.

शेवटी, आई काही सांगत नाही असं धरून चालू नका. क्वालिटी ऑफ लाइफ मोजायच्या प्रश्नावल्या आहेत, त्यातली एक तेरा प्रश्नांची, ती थेट रुग्णालाच विचारतात आणि सौम्य-मध्यम डिमेन्शियात लोक नीट उत्तरं देतात. आणि अभ्यासात पुन्हा पुन्हा हे दिसलंय की नातेवाईक जेवढं वाईट समजतात त्यापेक्षा रुग्ण स्वतःला बरं समजतो. तुमची आई त्याच्या पुढे गेली असेल तरी विचारा, फक्त मागचं विचारू नका. "दुपारी जेवलीस का" याचं उत्तर तिच्याकडे नाहीये. "भूक लागलीय का", "इथे दुखतंय का", "ही ताई आवडते का" हे आत्ताचं आहे, ते ती सांगेल, शब्दाने नाहीतर मानेने. आणि ती बाई जवळ आल्यावर आईचं अंग सैल पडतं की आखडतं, हे कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा मला जास्त सांगून जातं.

प्रश्न : बाबांना संस्थेत ठेवून दोन महिने झाले. घरी असताना ते दिवसभर फेऱ्या मारायचे, ओरडायचे. आता कधीही जा, झोपलेलेच. संस्थावाले म्हणतात, बघा किती शांत झाले. आम्ही खूश व्हायचं का?
– डोंबिवली

उत्तर : नाही, आधी गोळ्यांची यादी मागा. तोंडी नको, प्रिस्क्रिप्शनचा फोटो. त्यात क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल असं काही आहे का बघा. ही अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमासारख्या मानसिक त्रासावरची औषधं. कधीकधी लागतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल किंवा भासांनी फार घाबरत असेल तर सायकियाट्रिस्ट विचार करून देतात, मी त्याच्या विरोधात नाहीये. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा सगळ्यात कडक इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही छापायला लावलाय. फेऱ्या मारतो म्हणून, किंवा रात्री एकच बाई असते म्हणून ती देणं मला अजिबात मान्य नाही.

डॉक्टरांना विचारायचं ते असं. कोणी सुरू केलं, कधी, नेमक्या कुठल्या लक्षणासाठी आणि कमी कधी करायचं? अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१६च्या सूचना सांगतात की पुरेसा डोस देऊन चार आठवड्यांत फरक नाही पडला तर हळूहळू कमी करून बंद करा, आणि फरक पडला तरी सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत कमी करायचा प्रयत्न करा. कमी करायची तारीखच नसेल तर त्या प्रिस्क्रिप्शनकडे कोणी पुन्हा बघितलेलं नाही. बाबांना लेवी बॉडी हा डिमेन्शियाचा प्रकार असेल तर ही गोष्ट आणखी नाजूक, त्यात या औषधांची, खासकरून हॅलोपेरिडॉलची, फार वाईट रिअ‍ॅक्शन येऊ शकते. पण तुम्ही स्वतःहून गोळी बंद करू नका हं, अचानक थांबवणंही बरं नाही.

आणि यादीत असं काही नसेल तर काळजी संपली असं नाही. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, पडल्यावर डोक्यात साठलेलं रक्त, यातल्या कशानेही माणूस गुंगीत जातो. गुंगी दोनचार दिवसांत अचानक वाढली असेल तर रविवारची वाट बघू नका, लगेच दाखवा.

प्रश्न : माझा भाऊ न्यूजर्सीला असतो. तो म्हणतो तिकडे नर्सिंग होमला सरकारच स्टार देतं, इथे काहीच कसं नाही? आता त्याचा हट्ट की आईच्या खोलीत कॅमेरा लावा, म्हणजे त्याला तिथून बघता येईल. संस्था नाही म्हणते. मी मधल्यामध्ये अडकलेय.
– मुलुंड

उत्तर : भावाचं स्टारबद्दलचं म्हणणं खरं आहे, अमेरिकेत २००८ पासून एक ते पाच स्टार देतात, तपासणीचे अहवाल, कर्मचाऱ्यांची संख्या आणि तब्येतीचे काही निकष बघून. पण त्या निकषांतले बरेचसे आकडे संस्था स्वतःच भरून देते, त्यामुळे तिथेही स्टार बघून डोळे मिटून ठेवा असं कोणी शहाणा माणूस सांगत नाही. आपल्याकडे असे स्टार नाहीत, म्हणून नोंदणी तरी विचारायची. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचे आणि स्थळकाळाच्या भानाचे गंभीर विकार येतात, तेव्हा अशा लोकांना ठेवून घेणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केलीय का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ट्रस्टचं सर्टिफिकेट दाखवलं तर ते वेगळं, ते म्हणजे ही नोंदणी नव्हे.

कॅमेऱ्याबाबत मी संस्थेच्या बाजूने आहे, निदान खोली शेअरिंगची असेल तर. शेजारच्या पलंगावरच्या आजींचे कपडे बदलताना न्यूजर्सीहून कोणीतरी बघतंय हे त्या आजींवर अन्याय करणारं आहे, आणि तुमच्या आईवरही. कॉरिडॉर, हॉल, जिना इथे कॅमेरे असावेत आणि आई पडली तर ते फुटेज घरच्यांना दाखवू असं लेखी घ्या. भावाला दुसरं काम द्या, आणि ते खरंच उपयोगाचं आहे. दर महिन्याला वजन, गोळ्यांची यादी, पडल्याची नोंद, बिल एवढं त्याला पाठवा, तो ते एका शीटमध्ये उतरवेल. लांबून जे दिसत नाही ते तुम्ही बघा, आणि जवळून जे हळूहळू होत असल्यामुळे लक्षात येत नाही, ते त्याला आकड्यांत दिसेल. एखादी गोळी कधी सुरू झाली आणि वजन कधीपासून उतरायला लागलं हे असंच सापडतं.

प्रश्न : मी अशाच एका संस्थेत मावशी म्हणून आहे. रात्री आम्ही दोघी आणि पेशंट बावीस. एक आजोबा सारखे उठतात, पडतात, म्हणून सर म्हणाले ओढणीने खुर्चीला बांधा. नातेवाईक आले की ओरडा आम्हालाच. मला बांधायला बरं वाटत नाही. काय करू?
– नालासोपारा

उत्तर : मावशी, तुमचं पत्र मी जसंच्या तसं छापतेय कारण वरची तीन पत्रं लिहिणाऱ्यांनी ते वाचायला पाहिजे. रात्री दोघींना बावीस जण दिले तर ना कोणाला वेळेवर वळवून होतं ना कोणाला संडासला धरून नेता येतं, आणि याचा जाब मॅनेजरला विचारायचा, मावशीला नाही.

बांधायचं म्हणाल तर वर सांगितलेल्या कायद्याचं कलम ९७ स्पष्ट आहे. बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा माणसाला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होणार असेल आणि दुसरा काहीच उपाय नसेल, तेही सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, नोंद करून, गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही. शिक्षा म्हणून बांधता येत नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही बांधता येत नाही, हे शेवटचं कायद्यात वेगळं लिहिलेलं आहे. शिवाय बांधल्याने पडणं थांबतंच असंही नाही, माणूस सुटायची धडपड करतो आणि खुर्चीसकट पडतो.

आजोबा कधी उठतात ते चार रात्री घड्याळ बघून लिहून ठेवा. बहुतेक वेळा लघवीला लागलेली असते, नाहीतर कुठेतरी दुखत असतं, ते त्यांना सांगता येत नाही. कपाळाला आठ्या, जोरात श्वास, कण्हणं, मुठी आवळणं, हात लावला तरी शांत न होणं, ही दुखण्याची खूण असते, सिस्टरला तेच सांगा. उठायच्या वेळेआधी संडासला नेऊन आणलं, पलंग खाली घेतला, बाजूला गादी टाकली, रात्री मंद दिवा ठेवला तर पुष्कळ फरक पडतो. ती वही सरांना दाखवा आणि दोघी मिळून दाखवा, एकटीने नको. तरी बांधा म्हणाले तर लेखी ऑर्डर मागा. आणि अगदीच ऐकेनात तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन आहे, फोन फुकट लागतो, तिथे संस्थेचं नाव सांगून तक्रार करता येते. तुमची नोकरी जाईल ही भीती मला कळते, म्हणून सुरुवात वहीपासून करा. आजोबांच्या घरच्यांपैकी कोणी भेटायला आलं तर ती वही त्यांनाही दाखवा, मागच्या चार रात्री वडील कितीला उठले हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नसणार.